चित्रकथेतील हसरा अद्भुतरस

मुलांच्या हातातील चित्रमय पुस्तकाकडे आपल्या सुशिक्षित समाजाने बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले आहे. अक्षरओळख होईपर्यंत ते एक उपयुक्त साधन, आणि अक्षरओळख झाल्यावर शक्य तितक्या लवकर सोडवावयाची एक खोड. चित्रकथा हा वाङ्मयाचा स्वतंत्र प्रकार आहे, त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मराठी माणसाचाही वाटा आहे, ही तिसरी दृष्टी क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या दृष्टीने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यातही आमचा रोख चित्रकथेच्या एका विशिष्ट शाखेकडे आहे. जीत राक्षस भित्रा असतो, राजा बावळट असतो, जादू ऐन वेळी फसते, आणि भयाच्या जागी हसू उत्पन्न होते, ती बालकुमारांसाठी लिहिलेली विनोदी व अद्भुत चित्रकादंबरी, ही ती शाखा होय. ही शाखा मराठीत इतकी तोकडी का राहिली, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो; कारण मूल ज्या भाषेत आपण होऊन हसते, त्या भाषेकडे ते पुढेही आपण होऊन वळते.

प्रथम संज्ञेविषयी. इंग्रजीत ज्यास 'ग्राफिक नॉव्हेल' म्हणतात, त्या शब्दाचा वापर १९६४ साली रिचर्ड काइल या अमेरिकन टीकाकाराने केला, आणि १९७८ साली विल आयस्नर यांच्या पुस्तकापासून तो रूढ झाला. शब्द नवा असला तरी वस्तू जुनी आहे. जिनेव्हा येथे रोदोल्फ टॉप्फर नावाचे एक शाळामास्तर होते. स्वतःच्या वसतिशाळेतील मुलांच्या करमणुकीसाठी ते एकापुढे एक चित्रे काढीत व प्रत्येकाखाली दोन ओळी लिहीत. त्यांतील डॉक्टर फेस्तुस या विद्वानाचा प्रवास म्हणजे निव्वळ अद्भुत गोंधळ आहे. ही हस्तलिखिते वृद्ध गटे यांच्या हाती गेली आणि त्यांना ती अतिशय आवडली. १८३० नंतरच्या दशकात टॉप्फर यांच्या चित्रकथा छापून प्रसिद्ध होऊ लागल्या, त्यामागे या प्रशंसेचे बळ होते. चित्र काढून घेतले तर मजकूर अपुरा, मजकूर काढून घेतला तर चित्र संदिग्ध, असा दोहोंचा संबंध असणे हेच या प्रकाराचे लक्षण होय. गोष्टीच्या मध्ये शोभेपुरते एखादे चित्र घातल्याने चित्रकथा होत नाही.

हे लक्षण ध्यानात घेतले म्हणजे आपल्याकडील एक जुनी संस्था डोळ्यांसमोर येते. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रांच्या साह्याने कथा सांगणाऱ्यास 'चित्रकथक' असे नाव दिलेले आहे. हीच परंपरा महाराष्ट्रात 'चित्रकथी' या नावाने चालत आली. कुडाळजवळील पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने ती जतन केली. कागदावर रंगविलेल्या चित्रांचा एका कथेपुरता गठ्ठा म्हणजे 'पोथी'. सांगणारा एकेक चित्र प्रेक्षकांपुढे उभे करतो, साथीस वीणा, टाळ व हुडूक असतात, आणि चित्रातील पात्रे त्याच्या तोंडून बोलू लागतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात 'पैठणी चित्रे' म्हणून जी प्रसिद्ध आहेत, तीही याच कुळातील. बाजूने दिसणारे चेहरे, त्यांत मोठाले डोळे आणि गडद सपाट रंग, ही त्यांची शैली आहे. दूर बसलेल्या माणसासही पात्र एका दृष्टिक्षेपात ओळखता यावे, अशी ही आखणी. आजचा चित्रकथाकार पात्राची बाह्यरेषा ठळक ठेवतो, तो याच कारणासाठी. चित्र आणि शब्द यांचा संसार मराठी मुलखात इतका जुना असताना, चित्रकथा ही परदेशातून आलेली चैन आहे असे समजणे इतिहासाला धरून नाही.

मग हा धागा तुटला कोठे? आमच्या मते तो मुद्रणकलेच्या आगमनाबरोबर तुटला. मराठी गद्याची पहिली छापील पुस्तके महाराष्ट्रात नव्हे, तर बंगालमध्ये सेरामपूर येथे निघाली. १८१४ साली तेथे 'सिंहासनबत्तिशी' छापली गेली. ती मराठीत उतरविणारे पंडित वैजनाथ शर्मा हे मूळचे नागपूरकडचे, ही गोष्ट नागपूरच्या वाचकांस तरी विसरता येण्यासारखी नाही. मराठी मुद्रित कथेचा आरंभ, याप्रमाणे, अद्भुतापासूनच झाला. राजा सिंहासनावर पाय ठेवू लागताच पुतळी बोलू लागते आणि त्याच्या योग्यतेचा तिखट पंचनामा करते. या प्रसंगात विस्मय आणि उपहास एकत्र नांदतात. परंतु ही पुतळी पुस्तकात केवळ अक्षरांत उभी राहिली. चित्रासाठी लाकडी ठसे कोरावे लागत किंवा शिळाछापाचा आश्रय करावा लागे, आणि शिक्षणखात्याच्या गरजेपोटी छापल्या जाणाऱ्या पुस्तकांत तेवढा खर्च करण्याचे कारण कोणास वाटत नव्हते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती व 'बाळमित्र' ही पुस्तके १८२८ च्या सुमाराची. त्यांनी मराठी मुलास वाचनाची गोडी लावली खरी, पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य असावे, हा दंडकही त्याच वेळी पडला. चित्रे महाग म्हणून गेली आणि हास्य तात्पर्याच्या धाकाने बाजूस झाले. चित्रकथी मात्र गावोगाव फिरतच राहिला. छापखान्याची आणि त्याची गाठ पडली नाही.

पुढील शतकात मासिकांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात 'आनंद' मासिक काढले. नावातच त्यांनी उपदेशापुढे आनंदाला मान दिला, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नागपुराहून 'मुलांचे मासिक' निघू लागले, आणि वऱ्हाड व मध्यप्रांतातील मराठी घरांत त्याने पुण्यामुंबईच्या नियतकालिकांच्या बरोबरीने जागा मिळविली. तथापि या मासिकांत चित्र हे गोष्टीचे अंग नव्हते, अलंकार होते. गोष्ट लेखक लिही, मग ती चित्रकाराकडे जाई. दोघांनी मिळून गोष्ट रचावी, ही रीत पडली नाही.

नागपूरच्या रस्त्यावर मात्र ही रीत वर्षातून एकदा अवश्य दिसते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळ्या व पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. मारबतींच्या मागोमाग बडगे निघतात. चालू काळातील दुष्ट रूढी, महागाई, लाचलुचपत, राजकारणातील ढोंग यांचे हे पुतळे असतात. अक्राळविक्राळ आणि तरीही हास्यास्पद असा पुतळा आणि त्याजवळच त्याचा अपराध सांगणारी पाटी! चित्र, शब्द, भय आणि विनोद या चारही वस्तू येथे एका ठिकाणी आल्या आहेत. बापाच्या खांद्यावर बसून बडगे पाहणारे मूल राक्षसाला भीत नाही, ते त्याला हसते. ज्या नगरीत मुले अशी वाढतात, त्या नगरीतील कोणा चित्रकारास कागदावरील बडगे सुचू नयेत, याचे नवल वाटते.

स्वातंत्र्यानंतर चित्रांचा पूर आला, पण तो बाहेरून आला. जुलै १९४७ मध्ये मद्रास येथे बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी तेलुगू आणि तमिळ भाषांत 'चंदामामा' सुरू केला. १९५२ साली तोच 'चांदोबा' या नावाने मराठीत येऊ लागला. पाने तीच, चित्रे तीच, मजकूर तेवढा निरनिराळ्या भाषांत बदलावयाचा, अशी त्याची योजना होती. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि मागे स्मशान, हे विक्रमाचे चित्र ज्याने पाहिले नाही असा त्या पिढीचा मराठी वाचक विरळा. ते काढणारे के. सी. शिवशंकरन ऊर्फ 'शंकर' हे तमिळ चित्रकार होते. मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही वेताळ नव्या गोष्टी सांगतच राहिला. चांदोबाचे ऋण मोठे आहे. त्याची भाषा सोपी व सात्त्विक होती, आणि अद्भुतरसाला त्याने घराघरांत प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु त्यातील भाषेला मराठी गावाचा, गल्लीचा किंवा बोलीचा वास नव्हता. एकच चित्र डझनभर भाषांत चालावयाचे असेल, तर ते कोणत्याच एका भाषेचे असून चालत नाही.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले, तेव्हा हीच पद्धत चौकटींच्या चित्रकथेस लागू झाली. ली फॉक या अमेरिकन लेखकाचा १९३६ सालचा 'फँटम' मराठीत 'वेताळ' झाला. या नामकरणात कोणा अनामिक भाषांतरकाराची प्रतिभा दिसते, हे आम्ही आनंदाने मान्य करू. परदेशी मुखवटाधारी वीराला त्याने आपल्या वेशीवरील भूताचे नाव दिले आणि मुलांनी ते तत्काळ स्वीकारले. भारतीय वाचकास खटकू नये म्हणून मूळ 'बेंगाला' देशाचे 'डेंकाली' झाले आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' झाले. तरी हा वेताळ कधी विनोद करीत नाही. विक्रमाच्या पाठीवरील वेताळ खोडकर आहे. तो कोडे घालतो, राजाला बोलावयास लावतो आणि पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो. ली फॉकचा वेताळ गंभीर न्यायाधीश आहे. नाव आपले मिळाले, स्वभाव मिळाला नाही. १९९० साली इंद्रजाल बंद पडले.

१९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' आरंभिली. आपल्या मुलांस ग्रीक देवता माहीत आणि रामाची आई माहीत नाही, या खंतीतून ती निघाली. तिचा हेतू शिक्षणाचा होता, आणि बिरबल किंवा तेनालीराम यांच्यासारखे अपवाद सोडले तर तिचा सूरही शिक्षकाचाच राहिला. हास्याला मोकळीक दिली ती पै यांच्याच १९८० सालच्या 'टिंकल' मासिकाने. सुपंडी, शिकारी शंभू, कालिया कावळा ही त्यातील पात्रे देशभर गाजली. ती रेखाटणाऱ्यांची नावे पाहावी : सुपंडीचे राम वाईरकर, शिकारी शंभूचे वसंत हळबे, कालियाचे प्रदीप साठे. हात असे मराठी वळणाचे होते, पण पात्रांच्या तोंडचे शब्द मूळ इंग्रजी होते. तेव्हा मराठी माणसास चित्रांतून विनोद साधत नाही, असे कोणी म्हणू लागल्यास त्याचे समाधान या तीन नावांनी होण्यासारखे आहे.

मराठीत विनोदी अद्भुत नव्हतेच, असेही नाही. १९६३ साली विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' प्रसिद्ध झाला. त्यातील उफराट्या जगाला कोणत्याही भाषेने अभिमानाने आपले म्हणावे. १९५९ साली सुधा करमरकर यांनी 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. ते लिहिणारे रत्नाकर मतकरी यांनी पुढे 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' लिहून राक्षसाला व चेटकिणीला मराठी मुलांचे लाडके केले. भा. रा. भागवतांनी लुइस कॅरलच्या अॅलिसला 'जाईची नवलकहाणी'त मराठी बोलावयास शिकविले. कवितेत, रंगभूमीवर आणि गद्यात हा हसरा अद्भुतरस आमच्याकडे भरपूर आहे. वृत्तपत्री चित्रपट्टीतही मराठी मागे नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात 'सकाळ'मध्ये सुरू झालेला प्रभाकर वाडेकर व चारुहास पंडित यांचा 'चिंटू' ही घरोघरची गोष्ट झाली. परंतु चिंटू हा शेजारच्या वाड्यातील मुलगा आहे, त्याला राक्षस भेटत नाही. आणि चार चौकटींत संपणारा विनोद निराळा. शंभर पानांच्या प्रवासात पात्रांसह वाढत जाणारा विनोद निराळा. सामग्री सर्व जमलेली आहे, एकत्र आणणारा हात तेवढा अपुरा पडला.

शेजारच्या भाषांत असे झाले नाही. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधरी हे मुलांचे लेखक, चित्रकार आणि हाफटोन मुद्रणाचे शास्त्रज्ञ, असे तिन्ही एकाच वेळी होते. १९१३ साली त्यांनी 'संदेश' मासिक काढले. त्यांचे चिरंजीव सुकुमार राय आपल्या अचाट कवितांची चित्रे स्वतःच काढीत. लेखणी, कुंचला आणि छापखाना एका घरात नांदल्यामुळे पुढील बंगाली चित्रकारांस वाट तयार मिळाली, असे आम्हांस वाटते. नारायण देबनाथ यांनी १९६२ साली 'हाँदा भोंदा' व १९६५ साली 'बाँटुल दि ग्रेट' सुरू केले. लोखंडासारख्या छातीचा, अर्ध्या चड्डीतील हा बाँटुल म्हणजे विनोदी अद्भुताचा अस्सल बंगाली नमुना होय. हिंदीत दिल्लीच्या राज कॉमिक्सने 'बांकेलाल' उभा केला. विशालगडच्या राजाचा काटा काढण्यासाठी तो कपट योजतो आणि प्रत्येक कपटातून राजाचे भलेच होते. नागपूर ही हिंदी-मराठी दोहोंची नगरी. १९५६ पर्यंत ती द्वैभाषिक प्रांताची राजधानी होती, आणि येथील मराठी मुलाला हिंदी परकी वाटत नाही. तेव्हा त्याने चित्रकथेतील हसू हिंदीतून घेतले, तर त्यास दोष देता येणार नाही. जे पुढ्यात आले ते त्याने घेतले.

मराठीत हा योग का जुळला नाही, याची आमच्या मते तीन कारणे आहेत. पहिले अर्थशास्त्राचे. लेखक एक पान एका बैठकीत लिहितो, चित्रकारास तेच पान रेखाटावयास कित्येक दिवस लागतात. हा खर्च अनेक भाषांत वाटला गेला तर पुस्तक स्वस्त पडते, एकट्या मराठी वाचकांवर पडला तर महाग होते. तयार चित्रांवर मराठी शब्द बसविणे प्रकाशकास नेहमीच सोयीचे ठरत आले. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. आमच्याकडे चित्रकाराचे नाव पुस्तकात बारीक अक्षरांत छापले जाते. कथेचा तो निम्मा कर्ता आहे, ही जाणीव नसल्याने त्याचे मानधनही त्याच मानाने ठरते. तिसरे कारण घरातले. पैसे खर्च करणारा पालक पुस्तक उलगडून त्यातील मजकूर मोजतो. शब्द कमी म्हणून ज्ञान कमी, असा त्याचा हिशेब असतो.

या हिशेबाचा विचार केला पाहिजे, कारण तो सद्धेतूने केलेला असतो. चित्रांची सवय लागल्याने मुलाची कल्पनाशक्ती पंगू होते, हा आक्षेप थोर माणसांनीही घेतला आहे. परंतु चित्रकथा वाचणारे मूल काय करते, ते पाहावे. एका चौकटीत राक्षसाने गदा उचलली आहे, दुसरीत तो झाडाला उलटा टांगलेला आहे. मधे काय झाले ते कोणी सांगितलेले नाही, ते मुलाने स्वतः रचावयाचे असते. शब्द एक सांगत असतात आणि चित्र त्याच्या उलट दाखवीत असते. राजा म्हणतो, मी मुळीच भ्यालो नाही, आणि त्याचा मुकुट भीतीने हवेत उडालेला दिसतो. या विसंगतीतून उपरोध ओळखण्याचे शिक्षण मुलाला मिळते. जे मूल आठव्या वर्षी असा उपरोध ओळखते, त्याला पुढे कोल्हटकर-गडकरी परके वाटणार नाहीत. तात्पर्याची सक्ती नसलेल्या पुस्तकातून हे शिक्षण आपोआप होते, एवढाच फरक.

एका योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. २०२१ सालच्या पद्मश्रींच्या यादीत चित्रकथेशी संबंध असलेली तीन नावे आली. तमिळनाडूचे शिवशंकरन, ज्यांना हा मान मरणोत्तर मिळाला. बंगालचे नारायण देबनाथ. आणि महाराष्ट्रातील परशुराम गंगावणे, ज्यांनी पिंगुळीत आपल्या घराण्याच्या चित्रकथी परंपरेचे संग्रहालय उभारले. दोन प्रांतांनी छापील चित्रकथेचे कर्ते दिले, आम्ही तिच्या आजोबांचा रक्षक दिला. यात कमीपणा काहीच नाही. उलट असे जिवंत मूळ इतर कित्येकांपाशी नाही. परंतु मूळ जपले तरी त्याला पालवी का फुटली नाही, असा प्रश्न पुढची पिढी आम्हांस विचारील. संग्रहालयात जपलेली पोथी आणि मुलाच्या दप्तरातील पुस्तक यांच्यामध्ये दोनशे वर्षांचे अंतर पडले आहे. ते भरून काढणारी माणसे चित्रकलाशाळांत व लेखकांत आजही असतील, अशी आमची श्रद्धा आहे.

त्यांना साहाय्य करण्याचा मार्ग फार अवघड नाही. प्रकाशकांनी चित्रकाराचे नाव लेखकाच्या बरोबरीने मुखपृष्ठावर घालावे. वाचनालयांनी चित्रकथांस बालविभागात स्वतंत्र फळी द्यावी, आणि त्या फाटेपर्यंत वाचल्या गेल्या तर त्याचा आनंद मानावा. परीक्षण लिहिणाऱ्या मासिकांनी, आमच्यासह, या पुस्तकांची दखल प्रौढ वाङ्मयाच्या गांभीर्याने घ्यावी. आणि पालकांनी दुकानात पुस्तक उलगडल्यावर शब्द मोजण्यापूर्वी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. ते मराठी वाचून हसत असेल, तर त्या पुस्तकाची किंमत देण्यास काचकूच करू नये.